सहा अधिक चार किती?

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

२०२५ च्या एप्रिल महिन्यात माझे धाकटे मामा चार वर्षांनी जर्मनीहून कायमचे परत आले. सामानात आजीसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा, आम्हा भाचरांसाठी चॉकलेटे आणि एक निळी फाईल होती. चॉकलेटे दोन दिवसांत संपली. फाईल मात्र माझ्याकडे आली. "तू कॉमर्सला आहेस न्हवं? मग वाचून सांग बघू, ह्यातलं माझं किती आणि सरकारचं किती," असे म्हणून मामांनी ती माझ्यापुढे ठेवली.

मामा टर्नर आहेत. ऑक्टोबर २०१४ पासून सहा वर्षे त्यांनी आमच्या बेळगावातल्या एका कारखान्यात लेथवर काम केले. २०२० च्या टाळेबंदीनंतर तिथले काम कमी झाले, तेव्हा त्यांनी सहा महिने जर्मन भाषा घोकली आणि एप्रिल २०२१ मध्ये ते स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात रुजू झाले. चार वर्षे बरी गेली. मग आजी न्हाणीघरात पडली. घरात तिला उचलणारे कोणी नव्हते, म्हणून मामा परत आले.

फाईलमध्ये दर महिन्याच्या पगाराचे कागद होते आणि प्रत्येक कागदावर निवृत्तिवेतन विम्याची कपात होती. इकडे सहा वर्षे भविष्य निर्वाह निधीची कपात, तिकडे चार वर्षे ही कपात. आपल्याकडे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दरमहा पेन्शन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. जर्मनीत किमान पाच वर्षांची वर्गणी लागते. मामांची इकडे चार वर्षे कमी आणि तिकडे एक वर्ष कमी. सहा अधिक चार किती, असे विचारले तर बालवाडीतले पोरही दहा म्हणेल. पण ही बेरीज पोराने करून चालत नाही. दोन सरकारांनी तसा करार केला असेल, तरच ती दहा होते.

असा करार आहे, हे मला या फाईलमुळे कळले. आमच्या अभ्यासक्रमात तो नाही. लोकसंख्या, वृद्धत्व आणि स्थलांतर हे तीन विषय आम्ही तीन निरनिराळ्या प्रकरणांत शिकतो आणि तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे लिहितो. मामांच्या फाईलमध्ये ते एकाच कागदावर होते. म्हणून हा लेख.

प्रथम जर्मनीला मामांची गरज का पडली ते पाहू. वृद्धांसाठी सक्तीच्या विम्याचा कायदा जर्मनीने बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली केला. तेव्हा पेन्शनचे वय ७० होते आणि तिथवर पोचणारा कामगार विरळाच, त्यामुळे हिशेब सरकारला सोयीचा होता. १९१६ साली ते वय ६५ वर आले. आज १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ते ६७ आहे. या योजनेत वर्गणीदाराचा पैसा त्याच्या नावाने पेटीत साठवत नाहीत. आज काम करणाऱ्याची वर्गणी आजच्याच म्हाताऱ्याला पेन्शन म्हणून दिली जाते. आपल्या घरातही हेच चालते. फरक इतकाच की तिथे मुलगा आपल्या आईऐवजी सगळ्यांच्याच आईला पैसे देतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एका पेन्शनरामागे सुमारे सहा वर्गणीदार होते. आज जेमतेम दोन आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी आता निवृत्त होत आहे आणि तिच्या मागून येणारी पिढी लहान आहे. अशा वेळी वर्गणी वाढवणे, पेन्शन कमी करणे, निवृत्तीचे वय पुढे ढकलणे किंवा बाहेरून वर्गणीदार आणणे, एवढेच मार्ग उरतात. मामा हे चौथ्या मार्गाने तिथे गेलेले एक वर्गणीदार. पगाराच्या १८.६ टक्के वर्गणी असते. निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची.

आपण भारतीय हे वाचून म्हणतो की आपल्याकडे माणसांना काय तोटा! पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा एकूण जननदर २.० वर आला आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हींचा १.७ आणि गोव्याचा १.३. बिहारचा ३.०. पिढी जेवढ्यास तेवढी राहायला २.१ लागतो. म्हणजे सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आपण, निदान या एका बाबतीत तरी, दशांश चिन्हापर्यंत सारखे आहोत. आज जी अडचण स्टुटगार्टची आहे ती उद्या बेळगावची आणि पणजीची होणार, यात मला शंका वाटत नाही. आजीला उचलायला घरात कोणी नव्हते, ही तिची सुरुवातच म्हणायची.

आता सरकारांकडे वळू. एका देशाचा कामगार दुसऱ्या देशात राबतो तेव्हा त्याच्या हक्कांचे काय, हा प्रश्न दोन सरकारांनी समोरासमोर बसून सोडवण्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे १५ एप्रिल १९०४ चा फ्रान्स व इटली यांचा करार. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या इटालियन कामगारांची बचत मायदेशी पोचावी, अपघाताची भरपाई त्यांनाही मिळावी, असे इटलीला हवे होते. त्याबदल्यात इटलीने आपले स्वतःचे कारखाना कायदे कडक करावेत, असे फ्रान्सला हवे होते. कारण इटलीत कायदे सैल राहिले तर तिथला माल स्वस्त होऊन फ्रेंच मालकांना जड जाई. यात परोपकार कुठेच नाही. दोन्ही पक्षांचा फायदा आहे आणि म्हणूनच तो करार टिकला.

पण फायदा नेहमीच कामगारापर्यंत पोचतो असे नाही. २३ जून १९४६ रोजी इटली आणि बेल्जियम यांनी एक करार केला. बेल्जियमच्या कोळसा खाणींत उतरायला माणसे नव्हती आणि युद्धाने मोडलेल्या इटलीत कोळसा नव्हता. इटलीने आठवड्याला २,००० याप्रमाणे एकूण ५०,००० मजूर पाठवायचे आणि बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा, असे ठरले. माणसे इकडून, कोळसा तिकडून. वाणिज्याच्या पुस्तकात याला वस्तुविनिमय म्हणतात. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील खाणीत आग लागली आणि २६२ माणसे मेली. त्यांपैकी १३६ इटालियन होती. त्यानंतर इटलीने माणसे पाठवणे थांबवले आणि बेल्जियमने स्पेन, ग्रीस, पुढे मोरोक्को व तुर्कस्तान यांच्याशी करार केले. योगायोग असा, की भारताने सामाजिक सुरक्षेचा पहिला करार केला तो याच बेल्जियमशी, २००६ साली.

जर्मनीने १९५५ साली इटलीशी, १९६१ साली तुर्कस्तानशी आणि मध्ये-पुढे आणखी काही देशांशी मजूरभरतीचे करार केले. या माणसांना तिथे 'पाहुणे कामगार' म्हणत. पाहुण्याने मुक्काम आटोपून जायचे असते, ही त्यामागची समजूत. तुर्की कामगाराला तर सुरुवातीला दोनच वर्षांची मुदत होती. पण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून नवा शिकवणे मालकांनाच परवडेना, म्हणून १९६४ साली ती अट गेली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कोलोनच्या स्टेशनवर दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला. आर्मांदो रॉद्रिगेस द सा हे त्याचे नाव, पोर्तुगालचा सुतार. त्याला फुलांचा गुच्छ आणि एक मोपेड भेट मिळाली आणि त्याचे छायाचित्र जर्मनीभर छापून आले. ती मोपेड आज बॉनच्या संग्रहालयात आहे. छायाचित्रानंतरची हकीकत मात्र कमी लोकांना ठाऊक असते. हा सुतार पुढे आजारी पडून मायदेशी गेला, होती ती बचत उपचारांत संपली आणि १९७९ साली तो वारला. जर्मन विम्यातून आपल्याला मदत मिळू शकते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, असे त्याच्याविषयी सांगतात. दहा लाख माणसे मोजणाऱ्या व्यवस्थेला एका माणसाला त्याचा हक्क समजावून सांगता आला नाही. मामांच्या फाईलकडे मी यानंतर जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

युरोपच्या सामायिक बाजारपेठेने मात्र हे काम पद्धतशीर केले. बाजारपेठ स्थापन झाल्यावर १९५८ साली जे अगदी पहिले नियम निघाले, त्यांत फिरत्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा तिसऱ्या क्रमांकाचा नियम होता. दूध, लोणी, गहू यांच्या आधी पेन्शन! माणूस बाहेर जायला धजावा असे वाटत असेल, तर त्याने जमवलेली वर्षे वाया जाता कामा नयेत, एवढे त्यांना सुरुवातीलाच उमगले होते.

भारताचे करार याच धर्तीवर झाले आहेत. जर्मनीशी २००८ साली मर्यादित करार झाला आणि १२ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वसमावेशक करारावर सह्या झाल्या. तो लागू झाला १ मे २०१७ रोजी. सही आणि अंमल यांत साडेपाच वर्षे गेली. या काळात जे इकडून तिकडे गेले आणि आले त्यांचे काय, असे मी आमच्या सरांना विचारले. सर म्हणाले, "त्यांनी वाट पाहिली."

अशा करारांत तीन गोष्टी असतात. पहिली, डिटॅचमेंट. भारतीय कंपनीने आपला माणूस ठरावीक मुदतीसाठी परदेशी पाठवला, तर त्याची वर्गणी भारतातच भरायची, तिकडे पुन्हा भरायची नाही. त्यासाठी भविष्य निर्वाह निधी संघटना कव्हरेज सर्टिफिकेट देते. दुसरी, पेन्शन मायदेशी नेता येणे. म्हणजे बेळगावात बसून जर्मन पेन्शन घेता येते. आणि तिसरी, टोटलायझेशन, म्हणजे सेवाकालांची बेरीज. मराठीत हिला चांगला शब्द रूढ नाही. मी 'वर्षांची बेरीज' म्हणतो. ही नीट समजून घेतली पाहिजे, कारण इथेच माणसे फसतात. बेरीज होते ती फक्त पात्रता ठरवण्यापुरती. पैसे मात्र प्रत्येक देश आपापल्या वर्षांपुरतेच देतो. भारत जर्मनीतल्या चार वर्षांचे पैसे देत नाही, तो फक्त म्हणतो, "तुमची दहा वर्षे भरली, आता आमच्याकडच्या सहा वर्षांचे घ्या."

हे आकड्यांत मांडतो. आपल्या योजनेचे सूत्र असे : निवृत्तिवेतनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५,००० रुपये. मामांचा पगार सुरुवातीला त्याच्या आत होता, मग वर गेला. तेव्हा १५,००० धरू. १५,००० गुणिले ६ भागिले ७०, म्हणजे दरमहा सुमारे १,२८५ रुपये, वयाच्या ५८ पासून. जर्मनीत सूत्र निराळे. वर्षभर देशाच्या सरासरीइतका पगार मिळवला की एक गुण. जुलै २०२५ पासून एका गुणाला दरमहा ४०.७९ युरो. मामांचा पगार सरासरीच्या आसपास होता, म्हणून चार वर्षांचे चार गुण, म्हणजे दरमहा सुमारे १६३ युरो, वयाच्या ६७ पासून. युरोला १०० रुपये धरले तर १६,३०० रुपये.

हे गणित करून मी आनंदाने मामांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि कपाटातून आणखी एक कागद आणून दिला. तो २०२० चा होता. कारखाना सोडल्यावर त्यांनी एक अर्ज भरला होता, फॉर्म १०-सी. ज्याची सेवा दहा वर्षांपेक्षा कमी आहे त्याच्यापुढे या अर्जात दोन पर्याय असतात. पेन्शनची जमा काढून घ्यायची, किंवा स्कीम सर्टिफिकेट घेऊन सेवेची वर्षे जपून ठेवायची. मामांनी पहिला पर्याय घेतला होता. नव्वद हजारांच्या वर रक्कम मिळाली. तिच्यात जर्मनच्या शिकवणीची फी आणि विमानाचे तिकीट निघाले. खिडकीपलीकडच्या माणसाने "काढायचे ना?" एवढेच विचारले होते. दुसरा पर्याय काय आणि कशासाठी, हे त्याने सांगितले नाही आणि मामांनीही विचारले नाही. टाळेबंदीच्या दिवसांत हातात येणारे नव्वद हजार सोडून कागद घेणारा माणूस मला दाखवा.

पण पैसे काढले की ती सहा वर्षे पुसली जातात. मग सहा अधिक चार म्हणजे चारच. इकडची १,२८५ रुपयांची पेन्शन गेली, ते सोसता येईल. पण त्या सहा वर्षांच्या किल्लीने उघडणारे जर्मनीचे दारही बंद झाले. ज्या पैशांनी मामा जर्मनीला पोचले, त्याच पैशांनी त्यांची जर्मन पेन्शन विकली गेली होती.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. त्यांकडे शेवटी येतो. त्याआधी या करारांविषयी माझे मत सांगायला हवे.

या करारांच्या तीन कलमांपैकी पहिल्याचा, म्हणजे डिटॅचमेंटचा, लाभ मोठ्या कंपन्यांना होतो. त्यांच्याकडे कायदा जाणणारे लोक असतात, सर्टिफिकेट वेळेवर निघते आणि दुहेरी वर्गणी वाचते. भारत सरकारने करारांसाठी जोर लावला तो मुख्यतः संगणक क्षेत्रातल्या कंपन्यांची ही वर्गणी वाचावी म्हणून, असे मला वाटते. त्यासाठी सरकारने एक चांगला व्यापारी डावही टाकला. १ ऑक्टोबर २००८ पासून भारतात काम करणाऱ्या परदेशी माणसालाही पूर्ण पगारावर भविष्य निर्वाह निधीची वर्गणी भरावी लागते आणि त्याच्या देशाशी करार नसेल तर ती साधारणपणे ५८ व्या वर्षानंतरच परत मिळते. म्हणजे, तुम्ही आमच्या माणसांचे अडकवता, आम्ही तुमच्या माणसांचे अडकवतो; या, बसून बोलू. २०२४ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली, तर २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. डाव मात्र लागू पडला. आज सुमारे वीस देशांशी भारताचे करार लागू आहेत. जपानशी २०१६ पासून, पोर्तुगालशी २०१७ पासून, ब्राझीलशी २०२४ पासून.

अमेरिकेशी मात्र नाही. अमेरिकेने असा पहिला करार १९७८ साली इटलीशी अमलात आणला आणि आज तिचे सुमारे तीस देशांशी करार आहेत. तिथे कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के कापतात, मालकाचे तेवढेच, आणि पेन्शनची पात्रता येते साधारण दहा वर्षांनी. एच-१बी व्हिसाची नेहमीची कमाल मुदत सहा वर्षे. व्हिसा सहाचा आणि अट दहाची. मधल्या चार वर्षांच्या फटीतून आपल्या मुलांचे पैसे दरसाल गळत असतात. भारताची सामाजिक सुरक्षा सर्वांना लागू नाही, म्हणून करार करता येत नाही, अशी अमेरिकेच्या कायद्याची बाजू आहे. ही अट ऐकून राग येतो. पण आपल्याकडे शेतमजूर, गवंडी, मोलकरणी यांना खरोखरच पेन्शन नाही, हे खोटे कसे म्हणणार?

आखातात तर प्रश्नच वेगळा. गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी घरे तिथल्या पगारावर उभी आहेत. संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कामगाराला पेन्शन नसते. नोकरी संपताना उपदान मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. वीस वर्षे राबून परतलेल्या माणसाला एक रक्कम मिळते, ती घराच्या स्लॅबला किंवा मुलीच्या लग्नाला जाते आणि म्हातारपण पुन्हा मुलांवर येते.

जागतिक परिषदांविषयी थोडक्यात. बुखारेस्ट १९७४, कैरो १९९४, वृद्धत्वावर व्हिएन्ना १९८२ आणि माद्रिद २००२, अशा परिषदा झाल्या; ठराव मोठे होते. डिसेंबर २०१८ मध्ये स्थलांतराविषयीच्या जागतिक करारनाम्यावर संयुक्त राष्ट्रांत मतदान झाले. त्यातल्या २३ उद्दिष्टांपैकी बाविसावे म्हणजे हीच कमावलेल्या हक्कांची ने-आण. बाजूने १५२ मते, विरोधात ५. विरोध करणाऱ्या पाचांत हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक हे दोन देश होते. गंमत म्हणजे या दोन्ही देशांचे भारताशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत आणि ते त्या मतदानाच्या कितीतरी आधीपासून, अनुक्रमे २०१३ आणि २०१४ पासून, लागू आहेत. सभेत हात वर होतो तो मतदारांकडे बघून आणि करारावर सही होते ती कारखान्यांकडे बघून. म्हणून यापुढे परिषदांच्या बातम्यांपेक्षा करारांची परिशिष्टे वाचावीत, असे मी ठरवले आहे.

आता तर राज्येही यात उतरली आहेत. ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत-जर्मनी स्थलांतर व गतिशीलता भागीदारी करार झाला. केरळने परिचारिकांसाठी त्याआधीच वाट पाडली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीयांसाठी कुशल कामगारांचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. जपानशी २०२५ च्या ऑगस्टमध्ये अशीच योजना ठरली. भाषा शिकवतात, तांत्रिक प्रशिक्षण देतात, सगळे चांगले आहे. माझी एवढीच अपेक्षा आहे की त्या वर्गात एक तास फॉर्म १०-सी वर असावा.

याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र म्हणाला, "जर्मनीचे काय सांगतोस, आमच्या गावचे गुळेचे बघ." कन्नडमध्ये स्थलांतराला 'वलसे' असा पुस्तकी शब्द आहे, पण उत्तर कर्नाटकात पोटासाठी बिऱ्हाड उचलून जाण्याला 'गुळे' म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द नाही, मात्र प्रकार आहे. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात तो हाच. त्याचा टोमणा योग्य होता. २०१९ पर्यंत महाराष्ट्राचे रेशनकार्ड कागवाडच्या नाक्याअलीकडे निरुपयोगी होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात या जोड्यांपासून 'एक देश एक रेशनकार्ड' सुरू झाले, २०२० च्या जानेवारीत कर्नाटक त्यात आले आणि जून २०२२ पर्यंत सगळी राज्ये आली. तांदूळ-गव्हाची ने-आण झाली. ऊसतोड मजुराच्या म्हातारपणाची अजून कुठल्याच राज्यात बेरीज होत नाही, कारण बेरीज करायला आधी मांडलेला आकडा लागतो.

तर मामांच्या दोन वाटा. पहिली : जर्मनी सोडून २४ महिने झाल्यावर, म्हणजे एप्रिल २०२७ नंतर, पाच वर्षांपेक्षा कमी वर्गणी असलेल्या माणसाला आपली वर्गणी परत मागता येते. मिळतो तो फक्त कामगाराचा वाटा. मामांचा पगार सालाला सुमारे ४३,००० युरो, त्याच्या ९.३ टक्के म्हणजे ४,००० युरो. चार वर्षांचे १६,०००, म्हणजे १६ लाख रुपये. मालकाने भरलेले तेवढेच १६ लाख तिकडेच राहतात. दुसरी : वर्गणी मागायची नाही. इकडे निवृत्तिवेतन योजनेत बसणारी नोकरी निदान वर्षभर धरायची, म्हणजे जर्मनीची चार आणि इकडचे एक मिळून पाच होतात आणि ६७ व्या वर्षी चार गुणांची जर्मन पेन्शन सुरू होते. अडचण अशी, की सप्टेंबर २०१४ नंतर नव्याने येणाऱ्याचा पगार १५,००० च्या वर असेल तर त्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत. जर्मन यंत्रांवर हात बसलेल्या टर्नरने तेवढ्या पगारावर वर्षभर राबायचे. मामांनी तोवर उद्यमबागेत एक शेड भाड्याने घेऊन जॉबवर्क सुरू केले होते.

मी वहीत दोन्ही बाजू मांडल्या. मामांचा जन्म १९८६ चा; ते २०५३ साली ६७ वर्षांचे होतील. १६ लाख २०२७ साली ठेवीत टाकले आणि ७ टक्के व्याज धरले तर २६ वर्षांनी सुमारे ९३ लाख होतात. पेन्शनचा गुणही दरसाल वाढतो; तो २ टक्के वाढेल असे धरले आणि युरो रुपयाच्या तुलनेत दरसाल ३ टक्के महाग होईल असे धरले (२००५ साली तो ५५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ साली शंभरच्या), तर आजचे १६,३०० रुपये तोवर दरमहा ५८,००० च्या जवळ जातात. ९३ लाखांना ५८ हजारांनी भागले की १६० महिने. तेरा वर्षे आणि चार महिने. म्हणजे मामा ८० वर्षांच्या पुढे जगले तर पेन्शन फायद्याची, त्याआधी गेले तर ठेव फायद्याची. यात आयकर धरलेला नाही आणि व्याजाचे दर सव्वीस वर्षे एकसारखे राहतील असे कोणीही सांगू शकणार नाही. शिवाय ठेव मोडता येते आणि पेन्शन मोडता येत नाही. हा पेन्शनचा दोष की गुण, यावर आमच्या वर्गात दोन मते पडली.

मामांनी वही दोनदा वाचली. "ऐंशी," असे म्हणून ते सोप्यात आले. आजी गुडघ्याला जर्मन पट्टा बांधून कोथिंबीर निवडत बसली होती. ती आता ८२ ची आहे. मामा तिच्याकडे बघत राहिले तसे ती म्हणाली, "काय बघतोस रे? दळण आणलंस काय?"

अर्ज फाईलमध्ये आहे. एप्रिल २०२७ पर्यंत तो भरता येत नाही. मामांनी गेल्या महिन्यात एका ओळखीच्या कारखानदाराकडे पंधरा हजारांच्या नोकरीची चौकशी केली, असे मामी म्हणाल्या.